तीन लिटरची हौस

तीन लिटर म्हणजे पाण्याच्या तीन बाटल्या. घरातला भाताचा कुकरसुद्धा बहुतेक वेळा पाच लिटरचा असतो. वरणभात ज्यात लावतो त्याहून लहान भांड्यात आपण दोन गोल्डफिश सोडतो, तळाशी निळे-गुलाबी खडे टाकतो, प्लॅस्टिकचं झाड खोचतो, फोटो काढतो आणि या सगळ्याला 'मासे पाळणं' म्हणतो. पाळणं हे मराठीतलं बऱ्यापैकी जबाबदारीचं क्रियापद आहे. गाय पाळतात, पथ्य पाळतात, दिलेला शब्द पाळतात. त्या बाऊलमध्ये जे चालतं त्याला निराळा शब्द शोधायला हवा.

हे पनवेलमध्ये बसून लिहितोय आणि या विषयाला पनवेलइतकं सोयीचं गाव नाही. जुन्या गावात वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे असे तलावच तलाव. कडेने गाढी नदी. उरण नाक्याला मासळी बाजार. तालुक्यात अजूनही उरलीसुरली भातखाचरं. पाण्याची आणि माशाची ओळख या गावाला कुणी नव्याने करून द्यायची गरज नाही. तरीही नवीन पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघरच्या वन आरके, वन बीएचकेमध्ये टीव्हीशेजारी, शू-रॅकवर, वर्क फ्रॉम होमच्या टेबलावर तो गोल काचेचा बाऊल दिसतोच. भाडेकरूला कुत्रा ठेवू देत नाहीत, मांजरावरून सोसायटीत भांडणं होतात. मासा भुंकत नाही, केस गाळत नाही, त्याला फिरायला न्यावं लागत नाही. थोडक्यात, मासा तक्रार करत नाही. त्याच्या या एका गुणावर अख्खा धंदा उभा आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. लहान टाकी ही नवशिक्याची टाकी नव्हे. ती सगळ्यात अवघड टाकी आहे. आणि ती आपल्याला सगळ्यात सोपी म्हणून विकली जाते.

*

अवघड का, ते समजायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. मासा अमोनिया बाहेर टाकतो, तोही मुख्यतः कल्ल्यांतून, म्हणजे श्वास घेतो तिथूनच. समुद्रात, नदीत, तलावात तो अमोनिया पसरतो आणि जिवाणू तो संपवतात. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरासारखे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया विषारी, नायट्राइटही विषारी. नायट्रेट त्यामानाने सोसवतं आणि वनस्पती ते खातात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर वस्ती करतात. नव्या टाकीत ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

आता आपल्याकडची पद्धत बघा. शनिवारी बाऊल आणि मासे एकाच पिशवीतून घरी येतात. शनिवारी रात्री मासे पाण्यात. जिवाणू शून्य. त्यामुळे पहिल्या दिवसापासून अमोनिया साठत जातो. मंगळवारी पाणी गढूळ दिसतं. घरातलं जाणतं माणूस म्हणतं, पाणी बदला. मग रविवारी सगळं पाणी ओतून देतात, खडे नळाखाली खसाखसा धुतात, बाऊल लख्ख करतात. आठवडाभरात जी काही चार-दोन जिवाणूंची पोरं जन्माला आली होती ती नळाच्या क्लोरिनने मेली. तोच क्लोरिन आता माशाच्या कल्ल्यांना लागतो. पुढच्या आठवड्यात एक मासा कडेला तरंगताना दिसतो आणि घरात एकमत होतं: "यांची लाइफच एवढी असते."

नसते. गोल्डफिश नीट ठेवला तर दहा-वीस वर्षं जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली एका जत्रेत बक्षीस मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ साली मेला, त्रेचाळीस वर्षांचा होऊन. आपल्याकडे जो 'आठ दिवसांचा पाहुणा' समजला जातो, त्याला आपण आठव्या दिवशी मारलेलं असतं, एवढाच त्याचा अर्थ.

लहान टाकीत हे सगळं वेगाने घडतं. चिमूटभर जास्त खाणं पडलं तर पन्नास लिटरमध्ये ते खपून जातं, तीन लिटरमध्ये त्याचं विष होतं. त्यात पीएचचा खेळ आहे. पंचवीस अंश तापमानाला पाण्याचा पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का घातक रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच वाटा पाच टक्क्यांच्या पुढे जातो, म्हणजे जवळपास दहापट. त्यात मे महिना. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांना एका लिटरमध्ये सुमारे नऊ मिलिग्रॅम, तीस अंशांना साडेसात. पन्नास लिटर तापायला दुपार लागते, तीन लिटर खिडकीतल्या एका उन्हाच्या तिरिपेने तापतात. शिवाय बाऊल आपण गळ्यापर्यंत भरतो. तिथे तो निमुळता होतो, म्हणजे हवेला लागणारा पाण्याचा पृष्ठभागच आपण कमी करून ठेवतो. मासा वर येऊन तोंड उघड-मिट करायला लागला की घरातलं पोरगं टाळ्या पिटतं: बघ, पापी देतोय!

वन आरकेत राहणाऱ्यांचा एक लाडका युक्तिवाद असतो: "आम्हालाच जागा नाही, त्याला कुठून देऊ?" मुंबईचं भाडं परवडत नाही म्हणून इथे आलेल्यांची अडचण मला कळते. पण आपल्या वन आरकेला दार आहे, खिडकी आहे आणि संडास आहे. त्याच्या घराला संडास नाही. त्याचं घर हाच संडास आहे, आणि त्याला तिथेच श्वास घ्यायचा आहे.

*

ज्या थापांवर हा कारभार चालतो त्या एकेक करून घेऊ.

पहिली थाप: "माशाला तीन सेकंदांच्या पलीकडचं आठवत नाही." म्हणून म्हणे त्याला बाऊल रोज नवाच वाटतो. गोल्डफिशला ठरावीक खुणेला खाणं मिळतं हे शिकवता येतं आणि ते त्याच्या महिनोन्महिने लक्षात राहतं. तुम्हीही पाहिलं असेल, डबा हातात घेतला की मासा काचेशी येतो. तीन सेकंदांचं डोकं असणाऱ्याला डबा कसा ओळखता येईल? दुखतं का, हा प्रश्नही आता हवेतला राहिलेला नाही. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या ओठांत इजा ओळखणाऱ्या चेतापेशी दाखवल्या. ओठाला ॲसिड टोचल्यावर ते मासे खाणं सोडून तोंड खड्यांवर घासत होते.

दुसरी थाप: "मासा टाकीएवढाच वाढतो." ही जरा हुशार थाप आहे, कारण अर्धी खरी दिसते. लहान, घाण पाण्यात मासा खुरटतो. पण खुरटण्याला सोय म्हणत नाहीत. साधा गोल्डफिश वीस सेंटिमीटरपर्यंत सहज जातो. तो बोटाएवढा राहिला, तर तो तुमच्या टाकीच्या मापाचा झाला नाही, आजारी पडला.

तिसरी थाप बेटाबद्दल. "फायटर डबक्यात राहतो, त्याला ग्लास पुरतो." बेटा, म्हणजे आपला फायटर, थायलंडचा. २०१९ साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. त्याला कल्ल्यांबरोबर आणखी एक अवयव असतो, ज्यामुळे तो वर येऊन थेट हवा घेऊ शकतो. याच गुणाची त्याला शिक्षा झाली. हवा घेता येते म्हणून तो चहाच्या कपाएवढ्या डब्यातही लगेच मरत नाही, आणि लगेच मरत नाही म्हणून त्याला डब्यात ठेवतात. त्याचं मूळ घर उथळ पाणथळ आणि भातखाचरं. पनवेलच्या माणसाला खाचर समजावून सांगायला नको. खाचर पोटरीएवढं खोल असेल, पण त्याची लांबी-रुंदी बघा, त्यातलं गवत बघा, दडायच्या जागा बघा. खाचरातून उथळपणा तेवढा उचलायचा आणि बाकीचं शेत विसरायचं, हा दुकानाचा हिशेब आहे.

चौथी थाप भक्तिभावाने येते: "मासा मेला म्हणजे घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं." आठ सोनेरी आणि एक काळा, अशी नवाची यादीच वास्तूच्या नावाने फिरते. ईशान्येला ठेवा, उत्तरेला ठेवा. कुठेही ठेवा, बाऊलमध्ये नऊ गोल्डफिश मरणारच, आणि ते मेले की शुभ झालं म्हणायचं. बेपर्वाईला यापेक्षा सोयीची पळवाट आजवर कुणाला सुचली नसेल. त्या माशाने एकच संकट अंगावर घेतलं होतं, आणि ते त्या घरातच राहत होतं.

पाचवं थाप नाही, प्रश्न आहे, आणि रास्त आहे: "उरण नाक्यावरून बांगडे आणता, कालवण ओरपता, आणि गोल्डफिशसाठी गळा काढता?" हो. खाणारा माणूस निदान खोटं बोलत नाही. बांगडा जाळ्यात येईपर्यंत समुद्रात जगलेला असतो, थव्यात, मैलोन्मैल. आपण त्याला मारतो, खातो आणि 'पाळलं' म्हणत नाही. बाजारात मावशीसमोर उभं राहून कल्ला उचलून बघतो, लाल आहे का. तोच कल्ला बाऊलमध्ये अमोनियाने दिवस-दिवस पोळत असतो आणि तिथे कुणी उचलून बघत नाही. ज्याला मासे खाणंही मंजूर नाही त्याच्याशी माझं भांडण वेगळं. पण मासे खातो म्हणून मासा घुसमटवायचा परवाना मिळत नाही.

*

कायदा काय म्हणतो? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा. त्यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव जीव. मासा त्यात बसतो. ज्या पिंजऱ्यात वा भांड्यात प्राण्याला पुरेशी हालचाल करता येत नाही, त्यात त्याला कोंडणं हा कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. १९६० साली ही रक्कम टोचत असेल. आज पन्नास रुपयांत चहा आणि वडापाव होतो. मे २०१७ मध्ये केंद्राने मत्स्यालयं आणि शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी स्वतंत्र नियम आणले. १५८ प्रजातींची यादी केली. व्यापाऱ्यांनी विरोध केला आणि पुढे ते नियम मागे घेतले गेले. उरला तो पन्नास रुपयांचा दंड. इटलीत मोंझा शहराने २००४ साली गोल बाऊलवर बंदी घातली, पुढच्या वर्षी रोमने. स्वित्झर्लंडमध्ये टाकी चारही बाजूंनी उघडी ठेवायला मनाई आहे, कारण माशाला लपायला एक तरी बाजू लागते. तिथल्या लोकांना मासे आपल्यापेक्षा जास्त आवडतात असं नाही. त्यांनी एकदा बसून माशाच्या बाजूने हिशेब केला.

कायद्याची वाट न बघता तो हिशेब आपणही करू शकतो. आणि इथे मला दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही भांडायचं आहे. या छंदातले काही जुने जाणकार म्हणतात, शंभर लिटरच्या खाली टाकीच ठेवू नका. ज्याच्याकडे शंभर लिटरचं वजन पेलणारं टेबल आणि स्वतःचं घर आहे त्याला हे बोलणं सोपं आहे. शंभर लिटर म्हणजे नुसतं पाणीच शंभर किलो, काच आणि खडे वेगळे. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी पोरं ते दर वर्षी कसं हलवणार? लहान खोलीत राहणाऱ्याला डोळ्यांसमोर थोडं हिरवं, थोडं हलतं पाणी असावं असं वाटतं, यात काही चूक नाही. चूक उलट्या क्रमात आहे. आपण आधी भांडं आणतो, मग त्यात काय मावेल ते कोंबतो. आधी जीव ठरवा. त्याला किती पाणी लागतं ते बघा. तेवढं देता येत नसेल तर तो जीव आपला नाही.

मग वन आरकेत काय शक्य आहे? साधारण पंचवीस लिटर, चौकोनी, झाकणाची टाकी. तीत एक बेटा. एकच. सोबत हवीच तर एखादी गोगलगाय. स्पंज फिल्टर आणि छोटा एअर पंप मिळून एका पिझ्झाच्या भावात येतात. पंपाला चावी लावून हवा मंद ठेवा, जोराच्या प्रवाहात बेटा दमतो. झाकण हवंच, तो उडी मारतो. त्याला २४ ते २८ अंश मानवतात. उन्हाळ्यात टाकी खिडकीपासून लांब, आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी गार पडायला लागलं तर छोटा हीटर. नीट ठेवला तर तो दोन-चार वर्षं सोबत करतो, माणूस ओळखायला लागतो.

मासाच नको असेल तर त्याच टाकीत दहाएक चेरी श्रिंप. शेवाळ खातात, पाण्यावर भार कमी टाकतात आणि दिसायला लालचुटूक.

गप्पी हवे असतील तर चाळीस लिटरच्या आसपास घ्या आणि फक्त नर घ्या. मादी आणलीत तर ती बहुतेक दुकानातूनच गाभण येते. ती अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि एकदा साठवलेल्या बीजावर पुढचे काही महिने देत राहते. महापालिकांचे मलेरिया विभाग डासांच्या अळ्यांसाठी विहिरींत, टाक्यांत गप्पी उगीच सोडत नाहीत. मूठभर मासे पुरतात, बाकीचं काम ते स्वतः करतात.

आणि शरीर लहान म्हणजे जागा कमी, हेही समजू नका. झेब्रा डॅनिओ आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांचा मासा, जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचलेला. तीन-चार सेंटिमीटरचा, पण दिवसभर पळतो आणि थव्यातच रमतो. त्याला दोन फुटी टाकी हवी, म्हणजे चोपन्न लिटर. गोल्डफिशला त्याहून मोठी. म्हणजे वन आरकेत गोल्डफिश नाही. विषय संपला.

रोजचं काम फार नाही, पण ते चुकवता येत नाही. खाणं एक-दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. आपल्या एकादशीसारखा खिचडीवाला उपास नाही, खरा. आठवड्याला पाव ते एक-तृतीयांश पाणी बदलायचं, सगळं कधीच नाही. नव्या पाण्यात अँटी-क्लोरिनचे थेंब. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, काढलेल्या जुन्या पाण्यात पिळायचा, म्हणजे जिवाणू जगतात. प्लॅस्टिकचं झाड फेकून द्या. हॉर्नवर्ट टाका, जावा फर्न लाकडाला बांधा, मनी प्लांटची मुळं पाण्यात सोडा, ती नायट्रेट शोषून घेतात. महावितरणवर फार विश्वास नसेल तर सेलवर चालणारा एक एअर पंप कपाटात ठेवा.

*

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका, आणि पनवेलमध्ये ती करायचा मोह फार मोठा आहे, कारण तलाव चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. घर बदललं, कंटाळा आला, मासा मोठा झाला, की संध्याकाळी पिशवी घेऊन तलावावर जायचं आणि 'मोकळं सोडलं' म्हणून पुण्य घेऊन परत यायचं. दुकानात 'काच साफ करणारा' म्हणून विकतात तो सकर दोन इंचांचा असतो. तो फूट-दीड फुटांचा होतो. मूळचा दक्षिण अमेरिकेचा, अंगावर चिलखत, कमी प्राणवायूतही टिकणारा. आज तो उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो. जाळी फाडतो आणि बाजारात त्याला भाव नाही. तो तिथे दक्षिण अमेरिकेतून पोहत आलेला नाही. त्याला माणसाने आणलं आणि माणसानेच पाण्यात सोडलं. त्या भूतदयेची किंमत भरतो तो भिगवण-इंदापूरकडचा मच्छीमार. नको असलेला मासा दुकानात परत द्या, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. तलावात, नदीत, गटारात नाही.

या देशात लहान भांड्यातल्या माशाची एक फार जुनी गोष्ट आहे. मनू सकाळी हात धूत असताना ओंजळीत एक मासोळी येते आणि म्हणते, मला सांभाळ. शतपथ ब्राह्मणातली ही गोष्ट आपल्याला मत्स्यावतार म्हणून माहीत असते. पुराचं आणि नावेचं आपल्या लक्षात राहतं, मधला भाग आपण विसरतो. मनू तिला आधी घड्यात ठेवतो. ती वाढते, घडा पुरेना होतो, तेव्हा तो खड्डा खणून तिला त्यात ठेवतो. तोही पुरत नाही तेव्हा समुद्रात नेऊन सोडतो. मासा वाढला की भांडं बदलायचं, हे मासोळीनेच त्याला आधी सांगितलेलं असतं, आणि तो ते ऐकतो. मासोळी घड्याएवढीच राहील असं म्हणून तो स्वस्थ बसला नाही. नंतर पूर आला तेव्हा ती त्याची नाव ओढायला आली.

आपल्याला कुणी नाव ओढून द्यायची नाही. आपल्याला फक्त एक रिकामी टाकी सहन करायची आहे. चौकोनी काच, पाणी, दोन रोपं, चालू फिल्टर, रोज चिमूटभर खाणं, आणि चार ते सहा आठवडे एकही मासा नाही. जिवाणू बसेपर्यंत. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत. पाहुणे विचारतील, मासे कुठायत? पोरं विचारतील. रीलला दाखवण्यासारखं काही नसेल. हे एवढे दिवस ज्याला काढता येतात त्याने पुढचा मासा आणावा. ज्याला येत नाहीत त्याने त्या खिडकीत कुंडी ठेवावी, तुळस लावावी, आणि दुकानासमोरून जाताना त्या पिशव्यांकडे न बघता पुढे निघून जावं.